चेण्याकडे तोंड केलेला अँटेना

१

आमच्या घरात टीव्ही बघायला तीन माणसं लागायची. एक गच्चीवर अँटेना फिरवायला, एक गॅलरीत उभं राहून ओरडायला आणि एक टीव्हीसमोर बसून निकाल सांगायला. गच्चीवर माझा नवरा समाधान. टीव्हीसमोर माझे सासरे श्रीपती. त्यांना मी मामा म्हणायचे. आणि गॅलरीत मी. या घरात पोस्टमनची जागा रिकामी आहे, हे लग्न ठरवताना कुणी बोललं नव्हतं.

एकोणनव्वद सालची गोष्ट. मीरा रोडच्या पूर्वेला मिठागरं बुजवून नुकत्याच बिल्डिंगी उठत होत्या. मुंबईचा टॉवर लांब, त्यामुळे प्रत्येक गच्चीवर पाइपांचं रान माजलेलं आणि रविवारी सकाळी प्रत्येक गॅलरीत माझ्यासारखी एक बाई. वरून समाधान विचारायचा, "दिसतंय का?" मी आत तोंड करून तेच विचारायचे. आतून मामा म्हणायचे, "नुसत्या मुंग्या हायेत. अजून फिरव म्हनावं." मी वर ओरडायचे, "अजून!" असं करता करता मामा एकदाचे "बस, बस" म्हणायचे, मी ते वर पोचवायचे आणि समाधान पाइप तारेनं आवळून खाली यायचा. खालून "बस" ऐकल्याशिवाय तो पाइप सोडत नसे आणि "बस" ऐकल्यावर वर रेंगाळत नसे.

खरी गंमत त्याच्या पुढे होती. अँटेनाची चपटी वायर माझ्या डोक्यावरून आत जायची आणि मी तिच्याजवळ उभी असले तरच चित्र स्वच्छ यायचं. "तू हालू नको माय," मामा बजावायचे. "तू हाललीस की जातंय." पण समाधान खाली येऊन दार वाजवणार, आणि दाराला आतून कडी. तीही अगदी वरच्या टोकाला, कारण मामा विसराळू झाले होते. एकदा दार उघडं सापडलं तर चालत काशीगावपर्यंत पोचले होते. त्यांचे हात खांद्याच्या वर जात नसत, म्हणून कडी तिथं. मी कडी काढायला गॅलरी सोडली की टीव्हीवर मुंग्या, मामांच्या तोंडात शिव्या, आणि दारात समाधान हसत उभा.

अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या हाताळून त्याची बोटं काळी झालेली असायची. ती तो माझ्या नाकाला पुसायचा. मी चिडायचे. म्हणजे तसं दाखवायचे. खरं तर रविवारची मी तेवढ्याचसाठी वाट बघायचे.

२

त्या वर्षी आमच्या दक्षिणेला एक सात मजली बिल्डिंग उभी राहिली आणि मुंबईचा टॉवर आमच्यासाठी मेला. समाधाननं पाइप वाढवला. बूस्टर आणला. एका बूस्टरनं भागेना म्हणून त्याला दुसरा जोडला. त्यानं एवढंच झालं की मुंग्या होत्या त्यांचे मुंगळे झाले.

भाईंदरला मितेशभाईचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दोन्ही बूस्टर त्याच्याचकडचे. तिसऱ्यांदा समाधान गेला तेव्हा मी बरोबर होते.

"बूस्टर शून्याला मोठा करणार तर मोठा शून्यच होणार ना, साहेब," मितेशभाई म्हणाला. "समोरून नाय भेटत तर उलटा फिरवा. ते चेण्याच्या बाजूला डोंगर हाय ना, त्याच्यावर टप्पा खाऊन सिग्नल परत येते. माझे काका तसाच बघते."

"येतं खरंच?" समाधाननं विचारलं.

"येते. कधी कधी तर डायरेक्टपेक्षा साफ."

त्या रविवारी मी रस्त्यावरून भाजी घेऊन येताना वर पाहिलं. साऱ्या गच्चीवरचे अँटेने मुंबईकडे तोंड करून उभे होते, फळ्याकडे बघणाऱ्या वर्गासारखे. त्यात आमचा एकटाच पाठ फिरवून बसलेला. मला हसू आलं, आणि थोडी लाजही वाटली.

३

"दिसतंय का?" समाधाननं वरून विचारलं, आणि मी आत विचारायच्या आधीच मामा म्हणाले, "बस."

इतक्या लवकर कधी झालं नव्हतं. त्यानंतर मामा एकदम गप्प. एरवी चित्र आलं की त्यांचं तोंड सुरू व्हायचं: कोण आला, कोण गेला, कुणी कुणाला फसवलं. मी गॅलरीत उभ्याउभ्या त्यांच्या तोंडूनच टीव्ही बघत आले होते. त्या दिवशी आतून आवाजच नाही, मामांचा नाही की टीव्हीचा नाही.

समाधान खाली आला, मी दार उघडलं, मुंग्या आल्या.

"काय होतं हो मामा?"

"नवीनच हाय कायतरी. खोली हाय. म्हातारा बसलाय खुर्चीत. गॅलरीत बाई हाय, पाठमोरी."

"आणि करतायत काय?"

"काई न्हाई. म्हातारा बगतोय हिकडं."

जिन्यात शेजारची पोरं सकाळच्या मालिकेतलं युद्ध खेळत होती. कुणी बाण सोडत होतं, कुणी मरून पडत होतं. म्हणजे सगळ्यांच्या घरी युद्ध दिसलं आणि आमच्या घरी खोली. मामांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. मी म्हटलं, डोळ्याचा दोष असणार. समाधान म्हणाला, डोंगरावरून दुसरंच कुठलं स्टेशन येत असेल. दोघांचंही पटण्यासारखं होतं, म्हणून आम्ही जेवायला बसलो.

४

नंतर लक्षात आलं की ते चित्र भलतं नाजूक आहे. समाधान पाइप आवळून खाली आला की जायचं. वर त्यानं पाइप हातात धरून उभं राहायचं आणि मी गॅलरीत, तेव्हाच यायचं. एकदा त्यानं पाइप शेजारच्या पोराच्या हाती दिला आणि आत येऊन बसला. काही नाही. "तू जा बाबा वर," मामा वैतागले. "तू घरात असलास की ते येत न्हाई."

मग माझा शहाणा नवरा दर रविवारी बापाच्या हौसेसाठी उन्हात पाइप धरून उभा राहायला लागला. मी म्हणायचे, अहो, हे काय वेड आहे. तो म्हणायचा, "म्हाताऱ्याला दुसरं काय आहे गं?"  त्याच्या याच स्वभावावर तर मी भाळले होते.

मामा मला आतून गोष्ट सांगायचे. गोष्ट म्हणजे काय, तीच खोली, तोच म्हातारा, तीच पाठमोरी बाई. मग एका रविवारी म्हणाले, "आज त्यांचा मुलगा आलाय."

"कुठून?"

"आतल्या खोलीतून. कोपऱ्यात उभा हाय. आपल्या समाधानवानीच दिसतोय."

पुढच्या रविवारी तो कोपऱ्यातून निघून खुर्चीमागे आला होता. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीच्या अलीकडे. मामांना त्याचं कौतुक. "त्या बाईकडं चाललाय. तिला पत्ताच न्हाई."

मी मागे वळून पाहिलं. गॅलरीचं दार, त्याच्या पलीकडे आमची खोली, खुर्चीत मामा, त्यांच्या तोंडावर टीव्हीचा निळसर उजेड. बाकी कुणी नव्हतं. मी वळल्याबरोबर तो उजेड लुकलुकला आणि मामा ओरडले, "हालू नको म्हनलं ना!"

खाली तळमजल्यावर शांतीकाकू राहायच्या. इथल्याच गावच्या, जिथं आमची बिल्डिंग उभी होती तिथं त्यांची भातशेती होती. त्यांना मी हसत हसत हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"नारल फोरून टाक एक," त्या म्हणाल्या. "फोरायला काय जातंय?"

"आमच्यात नाही करत काकू," मी म्हटलं. आम्ही बुद्धाला मानणारे. अंगारेधुपारे सोडून आमच्याकडे दुसरी पिढी चालली होती, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. वायरजवळ माणूस उभा राहिला की सिग्नल का बदलतो, हे मी सातवीच्या पोरांनाही सांगू शकले असते. रविवारी गॅलरीत उभी राहिले की मात्र माझ्या मानेवरचे केस उभे राहायचे, आणि ते कुठल्या धड्यात बसत नव्हतं.

मग तो रविवार आला, ज्या दिवशी मामा म्हणाले, "आता अगदी तिच्या मागं हाय बग. हात वर केलाय त्यानं."

मी गॅलरी सोडून आत धावले. टीव्हीवर मुंग्या. मामा शिव्या घालत होते. समाधान खाली आल्यावर मी त्याला दारातच सांगितलं, "तो अँटेना काढून टाका. बास झालं."

५

पुढचा रविवार. मी समाधानला स्पष्ट सांगितलं होतं की आज फिरवायचं नाही, काढायचं. मामांना सांगितलं नव्हतं. ते सवयीनं टीव्ही लावून खुर्चीत बसले होते.

समाधान वर गेला, थोड्या वेळानं परत आला. बोटं काळी. "नट गंजलाय. हातानं निघत नाही. शांतीकाकूंकडे पाना आहे, तो घेऊन येतो." पाय न टेकताच तो जिना उतरला. मी आतून कडी लावली आणि काथ्याच्या दोरीवर कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. हातात कपडे होते, डोक्यात शाळेच्या परीक्षा होत्या.

"दिसतंय का?" वरून आवाज आला.

समाधानचाच आवाज. मला राग आला. काढायला पाठवलं तर हा पुन्हा फिरवतोय, बापासाठी. मी काही बोलायच्या आत मामा आतून ओरडले, "बस! लई झ्याक! बस!" आणि मी, इतक्या रविवारांच्या सवयीनं, एका हातात ओला टॉवेल घेऊन, वर तोंड करून ओरडले, "बस!"

खाली अंगणात शांतीकाकू तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"कुनाला वरडतंस गो?" त्या म्हणाल्या. "तुजा नवरा तं माज्या घरान हाय. पाना शोदतंय."

मी टॉवेल धरून तशीच उभी राहिले. वर गच्चीवर कुणीतरी पाइप सोडल्याचा आवाज झाला. मग गच्चीचं पत्र्याचं दार वाजलं. "बस" म्हटल्यावर समाधान वर रेंगाळत नसे.

माझ्या खांद्यावर हात पडला.

मी किंचाळले असते, पण मागे समाधान होता. तोच निळा शर्ट, तेच कपाळ. माझा जीव भांड्यात पडला. मी त्याच्या छातीला धरून विचारलं, "वर कोण आहे?"

"माहीत नाही," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात दार वाजलं. तीनदा, समाधान वाजवायचा तसं.

"राजश्री, दार उघड." समाधानचा आवाज. दाराच्या बाहेर.

मी माझ्या समोरच्या समाधानकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "नको उघडू. तो वरचा खाली आलाय. तूच बोलावलंस त्याला."

ते खरं होतं. मीच "बस" म्हटलं होतं. माझं डोकं त्या वेळीही चालत होतं, आणि दुर्दैवानं ते बरोबर हिशेब करत होतं: वरून कुणी विचारलं, मी उत्तर दिलं, ते खाली आलं. माझा नवरा माझ्या हाताशी आहे, म्हणजे बाहेरचा माझा नवरा नाही.

"अगं, पाना मिळाला," बाहेरचा म्हणाला. "मस्करी करू नकोस, उघड."

मी तोंडावर टॉवेल दाबून धरला.

"राजश्री? बरी आहेस ना?" मग बराच वेळ नुसता हात दारावरून फिरल्याचा आवाज. आणि शेवटी, जरा दुखावल्यासारखं, "बरं. मग मी वर जाऊन काढूनच येतो."

पावलं वर गेली. दोन दोन पायऱ्या एकदम. मी समाधानला गॅलरीतच सोडून आत, मामांच्या खुर्चीपाशी गेले. मला कुणाजवळ तरी उभं राहायचं होतं.

"बग," मामा खुशीत म्हणाले. "त्यांचा मुलगा आला एकदाचा घरी."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला ते चित्र दिसलं. मुंग्यांचा मागमूस नव्हता. आमच्यासारखी खोली, खुर्चीत म्हातारा, आणि त्याच्या मागे एक बाई दाराची वरची कडी काढत होती. दार उघडलं. बाहेरून हातात पाना घेतलेला एक माणूस आत आला. दमलेला होता, हसत होता. त्यानं हात वर करून त्या बाईच्या नाकाला बोट पुसलं.

मग चित्र फिरलं आणि मुंग्या आल्या, त्या आल्याच.

६

संध्याकाळपर्यंत मी स्वतःला बरंच समजावलं होतं. समाधान मामांशेजारी बसून चहा पीत होता. वर जाऊन बघू या का, असं मी विचारलं तर म्हणाला, "कशाला?" शेवटी मीच शेजारच्यांना घेऊन गेले. गच्चीवर कुणी नव्हतं. पाइप होता तसाच, चेण्याकडे तोंड करून.

दार वाजलं. "राजश्री, मी गो, शांती. माजा पाना दे."

मी समाधानला विचारलं, "पाना कुठं ठेवलात?"

"कसला पाना?" तो म्हणाला, आणि हसला. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटं स्वच्छ होती. माझ्या पांढऱ्या ब्लाउजच्या खांद्यावर काहीही लागलं नव्हतं.

मी दार उघडायला गेले. वर हात केला, आणि तो कडीवरच राहिला. मघाशी गच्चीवर जाताना ही कडी मीच काढली आणि परत आल्यावर मीच लावली, ते सोडा. सकाळी, समाधान पाना आणायला गेल्यावर मी ती लावली, आणि मग गॅलरीत गेले. तेव्हापासून माझ्या खांद्यावर हात पडेपर्यंत ती कुणीच काढली नव्हती. मामांचा हात तिथं पोचत नाही.

मग माझ्या मागे येऊन उभा राहिलेला आत आला कुठून?

"उघर ना गो," शांतीकाकू म्हणाल्या. मी उघडलं. त्या दाराच्या बाहेरच्या बाजूकडे बघत होत्या.

"ह्यो काला कुनी लावला?"

दारावर काळ्या बोटांचे ठसे होते. पाच बोटं, आणि खाली ओढत नेल्याची रेघ.

७

दोन-तीन वर्षांत केबल आली. गच्चीवरचे अँटेने भंगारात गेले. आमचा मी जाऊ दिला नाही. लोक म्हणाले, शिकलेली बाई आणि कसला हट्ट. मामा वारले, शेवटपर्यंत विचारत राहिले की ती म्हाताऱ्याची आणि सुनेची मालिका पुन्हा का लागत नाही.

हा माणूस वाईट नाही. पगार आणून देतो, आवाज चढवत नाही, हात नेहमी स्वच्छ. गच्चीवर मात्र पाय ठेवत नाही. मी एकदा म्हटलं, रविवारी जरा गॅलरीत उभे राहा, जुना टीव्ही लावून बघू. तो म्हणाला, "आता केबल आहे की." मी गॅलरीत उभी राहिले तर बघायला कुणी नाही. बघायला बसले तर उभं राहायला कुणी नाही. वर पाइप धरणारा वरच आहे किंवा त्या दुसऱ्या खोलीत आहे, आणि मला तो हवा आहे. एवढं साधं वाक्य मी अजून कुणाला बोलून दाखवलेलं नाही.

दारावरचे ठसे मी पुसत नाही. बाहेरून रंग द्यायला माणूस आला तेव्हा तेवढा भाग सोडायला लावला.

आणि घरात आता विसराळू म्हातारा नसला, तरी हा माणूस रोज न चुकता वरची कडी लावतो. मी रोज न चुकता ती काढते. त्याला ते माहीत आहे.